चेअरमन कोण?

आमच्या शिरोळ तालुक्यात सहकार वेगळा शिकवावा लागत नाही. ऊस सहकारी कारखान्याला जातो, दूध सहकारी डेअरीला जातं, पिकाला पाणी सहकारी पाणीपुरवठा संस्थेचं असतं आणि या सगळ्यांची बिलं निघेपर्यंत घर सहकारी पतसंस्थेच्या कर्जावर चालतं. ‘एक सभासद, एक मत’ हे तत्त्व इंग्लंडातल्या रॉचडेलच्या विणकरांनी आणि कारागिरांनी १८४४ साली आपल्या दुकानासाठी पाळलं. आम्ही ते मनापासून स्वीकारलं, फक्त त्यात वेळेची थोडी बचत केली. वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘विषय क्रमांक एक’ एवढं वाचून होतंय तोच पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो. मागच्या रांगांतून ‘नामंजूर’ येतं, पण मागच्या रांगांना माईक नसतो. शेवटच्या विषयापर्यंत गाडी अशीच धावते, मग आभार, मग राष्ट्रगीत. नफ्या-तोट्याचे वाटेकरी सगळे, निर्णय एकाचा. याला कुणी हुकूमशाही म्हणत नाही. ‘साहेब बघतात सगळं’ म्हणतात, आणि त्या म्हणण्यात तक्रारीपेक्षा निश्चिंतीच जास्त असते.

त्यामुळे गेल्या पावसाळ्यात पुण्याहून आलेल्या भाचीनं एक पत्र्याचा डबा उघडला आणि “हा सहकारी खेळ आहे, यात सगळे मिळून जिंकतात नाहीतर सगळे मिळून हरतात,” असं जाहीर केलं, तेव्हा आबांनी विचारलेला पहिला प्रश्न अगदी रास्त होता.

“मग चेअरमन कोण?”

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांची सगळी नोकरी कारखान्याच्या गटऑफिसात गेली. कुणाची लागण आधीची, कुणाचा खोडवा, टोळी आज कुणाच्या फडात घुसणार आणि कुणाच्या उसाला तुरे येईपर्यंत थांबावं लागणार, हा तोडणीचा प्रोग्राम त्यांच्या वहीत असायचा. त्या वहीसाठी माणसं उजाडायच्या आत आमच्या दारात उभी राहायची. निवृत्तीनंतर वही गेली, सवय राहिली. आमच्या घरात पाहुण्यांनी कुठल्या एसटीनं जायचं हे पाहुणे ठरवत नाहीत.

भाची म्हणाली, “यात चेअरमन नसतो आबा.”

“असं कुठं असतंय व्हय,” आबा म्हणाले, आणि पटासमोरच्या मधल्या जागेवर बसले.

खरं तर खेळाचे पट मांडणाऱ्यांनी या प्रश्नावर शंभरेक वर्षं डोकं खाजवलं आहे. ज्या ‘व्यापार’च्या पटावर मुंबई-कलकत्ता विकत घेत आपण लहानाचे मोठे झालो, त्याचं मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंच्या जमीनदारीवरच्या खेळात आहे. त्याचं पेटंट त्यांना जानेवारी १९०४ मध्ये मिळालं. त्याच वर्षी हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. योगायोगच, पण मला तो आवडतो. मक्तेदारी किती वाईट हे बाईंना लोकांना शिकवायचं होतं. लोकांनी त्यातली मक्तेदारी तेवढी उचलली. पुढे १९७०च्या दशकात कॅनडातल्या जिम डीकोव्ह यांनी मुलांसाठी एकमेकांना न हरवण्याचे खेळ बनवायला घेतले. २००० साली राइनर क्नीत्सिया या जर्मन गणितज्ञानं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वर असा खेळ काढला आणि मोठी माणसंही एका बाजूला बसून खेळू लागली. २००८ मध्ये मॅट लीकॉक या अमेरिकन माणसाचा ‘पँडेमिक’ आला. चौघांनी मिळून जगभरच्या साथी आटोक्यात आणायच्या. पटावर आपली मुंबईही आहे आणि ती वारंवार आजारी पडते. भाचीच्या डब्यात होता तो याच लीकॉकचा २०१० सालचा ‘फॉरबिडन आयलंड’.

आता या खेळात एक बेट असतं, चोवीस तुकड्यांचं. ते हळूहळू पाण्याखाली जातं. खेळाडूंनी धावपळ करून बुडणारे तुकडे सावरायचे, चार खजिने गोळा करायचे आणि सगळे हेलिकॉप्टरच्या तळावर जमले की उडायचं. एक जरी मागे राहिला तरी सगळे हरले. कडेला पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी असते, तिच्यावरचा काटा वर वर सरकत जातो.

हे ऐकून आबांच्या पत्नी, आमच्या काकी, म्हणाल्या, “आणि ह्ये तू पैशे देऊन आणलंस?”

काकींचं बरोबर होतं. पंचगंगेच्या या काठाला आम्ही, त्या काठाला नरसोबाची वाडी, आणि वाडीपाशीच पंचगंगा कृष्णेला मिळते. संगमाशेजारच्या या आमच्या कुरुंदवाडात पावसाळ्यात ‘जेवलास का’च्या आधी ‘पाणी कुठवर आलं’ विचारतात. राजापूर बंधारा किती फुटांवर, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यानं एकोणचाळीस फुटांची इशारा पातळी ओलांडली का, त्रेचाळिसाच्या धोक्याला किती इंच उरले, अलमट्टीतून विसर्ग किती, हे सगळं शाळकरी पोरालाही तोंडपाठ असतं. वाडीत दत्ताच्या देवळात पाणी शिरलं आणि पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की लोक दक्षिणद्वाराच्या स्नानाला धावतात. पातळीचा काटा वर जाणं हा आमच्याकडे एकाच वेळी सोहळाही असतो आणि धसकाही. त्याचा कुणी पुठ्ठ्याचा खेळ करील असं मात्र वाटलं नव्हतं.

लीकॉकनं कुरुंदवाड पाहिलं असण्याचं कारण नाही, पण एक गोष्ट त्यानं अशी काही हेरली आहे की शंका यावी. ज्या तुकड्यांवर पाणी येतं त्यांची पानं बाजूला टाकत जायची. मधेच ‘पाणी चढलं’ असं पान निघतं. तेव्हा काटा वर सरकवायचा आणि बाजूला टाकलेली ती पानं पिसून पुन्हा गठ्ठ्याच्या डोक्यावर ठेवायची. म्हणजे आधी जिथे पाणी आलं तिथेच ते पुन्हा येणार. हा नियम वाचल्यावर काकींचा खेळाविषयीचा आदर एकदम वाढला. “घाटाकडच्या गल्लीचं असंच हाय,” त्या म्हणाल्या.

खेळ सुरू झाला. प्रत्येकाला एक भूमिका मिळते. कुणी अभियंता, कुणी वैमानिक, कुणी पाणबुड्या. आबांना नेमकं नावाड्याचं पान आलं. या नावाड्याला नियमानंच एक मुभा आहे, आपल्या चालीत दुसऱ्यांची प्यादी सरकवायची. आबांनी ते पान दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, “ह्यांनी मला वळखून छापलंय.”

त्यानंतर अर्धा-पाऊण तास काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण ते सर्वांच्या घरी घडलेलं आहे. भाचीनं हात पुढे केला की आबा म्हणत, “थांब, तिकडं नको, हितनं खाली ये.” काकींनी पानाला हात लावला की, “ते ठेव, ते लागणाराय पुढं.” माझ्या तीन चाली आबा माझ्या आधीच मोजून ठेवत. तिसऱ्या फेरीपासून मी विचार करणं सोडलं आणि पानं त्यांच्याकडे तोंड करून धरली. आम्ही जिंकलो. बेट बुडायच्या आत चौघं हेलिकॉप्टरमधून उडालो. आबा प्रसन्न होते. भाची मात्र खजिन्यांकडे बघत म्हणाली, “आबा, तुम्ही एकटेच खेळलात. आम्ही तिघं तुमचे हात होतो.”

खेळाडूंच्या जगात अशा माणसाला ‘अल्फा प्लेअर’ म्हणतात, हे तिनंच सांगितलं. जगभर जिथे जिथे सहकारी खेळ खेळला जातो तिथे तिथे एक आबा असतोच. म्हणजे हा दोष केवळ आमच्या गटऑफिसचा नव्हे. थोडं बारकाईनं पाहिलं तर तो आबांच्या स्वभावापेक्षा पटाच्या मांडणीत जास्त आहे. सगळ्यांची पानं उघडी. सगळ्यांचं ध्येय एक. घाई कसली नाही. मग जे एकाला दिसतं ते चौघांना दिसतं, आणि जे चौघांना सारखंच दिसतं त्यावर चार डोकी कशाला लागतात? ज्याचं डोकं भरभर चालतं तो बोलतो. बाकीचे चांगल्या घरचे असतात, गप्प राहतात.

आणि गप्प राहण्यात सुख आहे हेही मान्य करायला हवं. डोकं भाड्यानं दिलं की हात मोकळे राहतात, शेंगा सोलता येतात. शिवाय एक मोठी सोय होते. जिंकलो तर आपण सगळे जिंकलो, हरलो तर, “मी तेव्हाच म्हणणार होतो, पण आबा ऐकतात कुठं.” पुढाऱ्याला आपण खुर्ची देतो ती त्यानं निर्णय घ्यावेत म्हणून तर देतोच, पण पराभव ठेवायला एक जागा असावी म्हणूनही देतो. ‘साहेब बघतात सगळं’मधली निश्चिंती ती हीच.

पुढच्या आठवड्यात आबा एका लग्नासाठी जयसिंगपूरला गेले आणि भाचीनं लगेच डबा काढला. आता लोकशाही नांदणार होती. पहिल्याच चालीला मी विचारलं, “काय करू?” भाची म्हणाली, “तुझी चाल आहे, तू ठरव.” काकी म्हणाल्या, “आमाला काय, तुमी सांगाल तसं.” मी म्हणालो, “तसं नको, तुमचं मत सांगा.” काकींनी मत सांगितलं, भाचीनं त्यावर ‘चांगलं आहे, पण’ म्हटलं, काकींनी ते मत परत घेतलं. अशी एकमेकांची मनं सांभाळत सांभाळत आम्ही तळावरच्या हेलिकॉप्टरसह अत्यंत सभ्यपणे बुडालो. रात्री आबांनी आल्या आल्या विचारलं, “किती वेळ टिकलासा?” आणि उत्तर ऐकून जो चेहरा केला तो मी इथे लिहीत नाही.

आपल्या जुन्या पत्तेवाल्यांना यातली मेख केव्हाच कळली होती, असं मला मेंढीकोट आठवला की वाटतं. मेंढीकोटातही समोरासमोरचे दोघे भिडू, दोघांचं ध्येय एक, चारांपैकी जास्तीत जास्त दश्श्या म्हणजे मेंढ्या ओढायच्या. पण तिथे आपली पानं भिडूला दाखवायची नाहीत आणि बोलायचं तर मुळीच नाही. एवढ्या एका बंदीनं केवढी किमया होते पाहा. कितीही मोठा चेअरमन असो, समोरच्याच्या हातात हुकमाचा एक्का आहे की दुरी, हे त्याला माहीत नाही. त्याला भिडूवर विश्वास ठेवावाच लागतो, नाहीतर डोळे वटारावे लागतात. अर्थात हुकूम गाजवायची हौस काही मरत नाही, ती फक्त जागा बदलते. डाव चालू असताना तोंड बंद, म्हणून डाव संपल्यावर पंचनामा. “राणी का धरून ठेवलीस? राणीचं लोणचं घालणार होतीस काय?” आमच्याकडे मेंढीकोटाचा एक डाव आणि त्याचा पंचनामा यांना लागणारा वेळ साधारण सारखाच असतो. शिवाय चौघांच्या पाठीमागे उभा असतो तो पाचवा. त्याला चारही हात दिसतात, त्याचं काही पणाला लागलेलं नसतं, आणि त्याच्याइतकं अचूक कुणीच खेळत नाही.

नव्या खेळांचे कर्तेही फिरून फिरून याच बंदीपाशी आलेले दिसतात. ‘द क्रू’ हा २०१९चा खेळ तर सरळ पत्त्यांच्या हातांचाच आहे, सगळे एका बाजूला आणि बोलायला जवळपास मनाई. ‘मॅजिक मेझ’मध्ये वाळूचं घड्याळ झरत असतं आणि बहुतेक वेळ तोंड उघडायचं नाही. ‘स्पिरिट आयलंड’नं दुसराच मार्ग काढला. प्रत्येकाच्या पुढ्यात इतकी पानं आणि इतक्या भानगडी ठेवल्या की दुसऱ्याच्या ताटात बघायला सवडच मिळू नये. काही खेळांत भिडूंपैकी एक जण छुपा फितूर असतो, त्यामुळे फार शहाणपणा शिकवणाऱ्याचाच संशय येतो. हा प्रकार भाचीनं मोठ्या उत्साहानं समजावला, पण आबांना त्यात नवीन काही वाटलं नाही. जिल्ह्यातल्या संस्थांच्या निवडणुकांआधी ठरावधारकांना, म्हणजे संस्थांच्या वतीनं मत देणाऱ्यांना, बस भरून सहलीला का नेतात, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं. तिला तो खेळ जास्त आवडला.

मला सगळ्यांत आवडला तो आंत्वान बोझा या फ्रेंच माणसाचा ‘हानाबी’. २०१३ साली जर्मनीत वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा मान त्याला मिळाला. त्यात पत्ते उलटे धरायचे. तुमचे पत्ते बाकी सगळ्यांना दिसतात, फक्त तुम्हाला दिसत नाहीत. दुसऱ्यांनी मोजक्या शब्दांत दिलेल्या खुणांवरून आपल्या हातात काय आहे ते ओळखायचं. हे वाचल्यावर मला वाटलं, हा खेळ बनवायला फ्रान्सला कशाला जायला हवं होतं? आमच्या गावात प्रत्येक जण जन्मभर तोच खेळतो. तुमच्या मुलीचं कुठे जुळतंय, तुमचा कुठला हप्ता थकलाय, तुमची तब्येत का उतरली, हे ओट्यावरच्या सगळ्यांना माहीत असतं. तुम्हाला ते खुणांवरून ओळखावं लागतं.

पण उघड्या पानांची खरी गोम मला २०१९च्या ऑगस्टात दिसली होती, तेव्हा हा पत्र्याचा डबा आमच्या घरी यायचा होता. पाणी चढत होतं. गल्लीतल्या पुरुषांची बैठक आमच्या सोप्यात बसली आणि निर्णय अर्थातच आबांचा. २००५च्या महापुरात पाणी आमच्या दाराच्या पायरीला टेकून परत फिरलं होतं. त्यामुळे आबांचं गणित सोपं होतं: “पाच सालाला आलं न्हाई, आता काय येतंय.” वाद घालायला कुणाकडे दुसरा आकडाच नव्हता. सगळ्यांनी एकच पूर पाहिला होता आणि तो आबांनी सगळ्यांत नीट लक्षात ठेवला होता. त्या वर्षी पूरपट्ट्यात कितीतरी घरांत हेच वाक्य बोललं गेलं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी पंचावन्न फुटांच्याही वर गेलं, २००५च्या खुणा बुडाल्या आणि कुरुंदवाडला पाण्याचा वेढा पडला.

काकी त्या बैठकीत नव्हत्या. त्यांना बैठकीत कधी कुणी बोलावलेलं नाही. पण घाटाची कितवी पायरी गेली हे त्यांना फुलवाल्या बाईंकडून कळत होतं. कर्नाटकात दिलेली त्यांची बहीण फोनवर तिकडची बातमी देत होती. दूधवाल्यानं सांगितलं होतं की उद्याला रस्ता राहील असं काही वाटत नाही. ही सगळी पानं वेगवेगळ्या हातांत होती, आणि ती जुळवायची कशी ते त्यांना माहीत होतं. ‘पाच सालाला’वर बैठक चहा पीत होती तेव्हा त्यांनी मागच्या दारानं म्हैस ‘छोटा हत्ती’ टेम्पोत चढवून माहेरी रवाना केली, धान्याची पोती माडीवर नेली, सातबाऱ्याच्या कागदांची पिशवी कमरेला बांधली आणि मग सोप्यात येऊन म्हणाल्या, “चहा झाला असंल तर उठा.” आबा उठले. त्यांनी नंतर हे असं सांगितलं की आम्ही वेळेत निघालो, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

तेव्हा यंदा भाचीनं ‘फॉरबिडन आयलंड’ला घरचा नियम जोडला, त्याला माझा पूर्ण पाठिंबा होता. पानं छातीशी धरायची. दुसऱ्याच्या चालीत चकार शब्द काढायचा नाही. जिची चाल तिनं विचारलं तरच बोलायचं, तेही एक वाक्य. आबांनी नियम ऐकून घेतला आणि विरोध केला नाही, तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवं होतं. कारण आबा मेंढीकोट खेळत आलेत आणि बोलायला बंदी असलेल्या खेळात काय काय बोलता येतं याचा त्यांच्याइतका अभ्यास गावात कुणाचा नाही. भाचीचा हात चुकीच्या तुकड्याकडे गेला की त्यांना जांभई येई. बरोबर तुकड्याकडे गेला की ते गुडघ्यावर ठेका धरत. काकींची चाल आली. हेलिकॉप्टरचं पान त्यांच्याकडेच होतं आणि तळाला पाणी लागलेलं होतं. त्यांनी तळ सावरायचं सोडून आपलं प्यादं पार दुसऱ्या टोकाच्या खजिन्याकडे न्यायला उचललं.

आबा खोकले. काकींनी लक्ष दिलं नाही. आबा पुन्हा खोकले, या वेळी दोनदा आणि तळाकडे बघत. चाळीस वर्षं समोर भिडू म्हणून बसलेल्या बाईला त्या खोकल्याचा अर्थ कळला नसेल यावर माझा विश्वास नाही. काकींनी प्यादं त्या टोकाला ठेवलं, शांतपणे उठल्या आणि आत गेल्या. आतून आलं ठेचल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं वाफाळता काढा आबांच्या पुढ्यात ठेवून त्या म्हणाल्या, “गार व्हायच्या आत घ्या. आन् माझ्या दोन चाली अजून ऱ्हाईल्यात, कुणी हात लावला न्हाई न्हवं?”